अ‍ॅस्बेस्टॉसमुळे झालेला व्यवसायजन्य कर्करोग : भरपाईसाठी पात्रता, कागदपत्रे आणि अर्ज

अ‍ॅस्बेस्टॉस या उष्णता रोखणाऱ्या तंतुमय खनिजाच्या सर्व प्रकारांची गणना आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या पहिल्या गटातील पदार्थांत केली आहे. फुफ्फुस, स्वरयंत्र आणि अंडाशय यांचे कर्करोग, तसेच फुफ्फुसाच्या किंवा पोटाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा हा कर्करोग त्यामुळे होतो. त्याची धूळ श्वासात गेल्यापासून रोग उघड होईपर्यंत बहुधा 20 ते 50 वर्षे लोटतात. तोवर कामगार निवृत्त झालेला असतो आणि कारखानाही अनेकदा बंद पडलेला असतो. म्हणून दाव्यात सर्वाधिक कस लागतो तो जुने काम सिद्ध करताना.

पात्रता ठरवताना अनेक ठिकाणी 1997 मध्ये हेलसिंकी येथे तज्ज्ञांनी ठरवलेल्या हेलसिंकी निकषांचा आधार घेतला जातो. मेसोथेलिओमासाठी पहिल्या संपर्काला किमान 10 वर्षे झालेली असावीत. संपर्क अल्पकाळाचा असला तरी तो ग्राह्य धरला जातो. फुफ्फुसाच्या कर्करोगासाठी मात्र अ‍ॅस्बेस्टॉसिसचे (त्या धुळीने फुफ्फुसांवर व्रण पडून ती कडक होण्याच्या आजाराचे) निदान किंवा मोठ्या संपर्काचा पुरावा लागतो, उदाहरणार्थ उष्णतारोधक लेपाचे किंवा जुन्या इमारती पाडण्याचे सुमारे एक वर्षाचे काम, अथवा जहाजबांधणीतील 5 ते 10 वर्षे. अर्जदार धूम्रपान करत होता एवढ्याच कारणाने या निकषांनुसार दावा बाद ठरत नाही, आणि तसे कोणी तोंडी सांगून परत पाठवत असल्यास लेखी निर्णय मागावा.

कामाचा इतिहास नोकरीच्या सुरुवातीपासून, मालक, ठिकाण व वर्षांसह लिहावा. केवळ पदनाम पुरेसे नाही. बॉयलरच्या नळ्यांवरचे जुने वेष्टण खरवडले जात असताना त्याच खोलीत तारा ओढणाऱ्या वीजतंत्र्याच्याही श्वासात तीच धूळ जाते, पण त्याच्या नेमणूकपत्रात अ‍ॅस्बेस्टॉसचा उल्लेख कुठेच नसतो. म्हणून कोणते काम, कोणत्या खोलीत, शेजारी काय चालले होते, मुखपट्टी मिळत होती का, हे सविस्तर नोंदवावे आणि सोबतच्या कामगारांची प्रतिज्ञापत्रे ते हयात व उपलब्ध असेपर्यंत करून घ्यावीत.

अर्जासोबत ओळखपत्र, नेमणूकपत्र, वेतनचिठ्ठ्या किंवा सेवापुस्तिका, बायोप्सीचा (शरीरातून काढलेल्या ऊतीच्या तुकड्याच्या तपासणीचा) अहवाल, एक्स-रे आणि सीटी स्कॅन जोडावेत. बायोप्सीचा मेणात जतन केलेला नमुना जपून ठेवण्याची लेखी विनंती रुग्णालयाला करावी, कारण निदानावर आक्षेप आल्यास फेरतपासणी त्याच नमुन्यावर होते. उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या प्रमाणपत्रात रोगाचा कामाशी असलेला संबंध स्पष्ट नमूद झालेला असावा.

अर्ज आपल्या देशातील कामगार भरपाई किंवा सामाजिक विमा कार्यालयाकडे करायचा असतो. मुदत निदानापासून मोजतात की काम सोडल्यापासून, हे तेथे प्रथम विचारावे. निदान झाल्यावर कागद जमवण्यात महिने घालवण्यापेक्षा अर्ज दाखल करून उरलेले पुरावे नंतर जोडण्याची परवानगी मागणे केव्हाही श्रेयस्कर. दाखल करताना शिक्क्याची पोच घ्यावी. अर्जदाराचा मृत्यू झाल्यास वारसांनी मृत्यूचे कारण दर्शवणारे प्रमाणपत्र आणि शवविच्छेदन झाले असल्यास त्याचा अहवाल जोडून दावा पुढे चालवावा.