गणंग का उरतात?

मोठ्या हौसेने घेतलेला गरम हवेचा पॉपकॉर्न मेकर दोन-चार वेळा वापरून माळ्यावर टाकलेली घरे कोल्हापुरात माझ्या ओळखीतच बरीच आहेत. तक्रार सगळीकडे एकच असते: गणंग, म्हणजे न फुटलेले दाणे, फार उरतात, त्या अर्थी यंत्रच भिकार. यंत्र वाईट असू शकते. पण बहुतेक वेळा दोष दाण्यात असतो, आणि दाण्यात काय घडते हे कळले की यंत्र निवडणेही सोपे जाते.

पॉपकॉर्नचा मका हा भाजून खायच्या कणसांचा किंवा कोंबड्यांच्या खाद्यात जाणारा मका नव्हे. त्याची साल चिवट आणि जवळजवळ हवाबंद असते, तर आतला पिष्टमय गर अतिशय कठीण. चांगल्या दाण्यात वजनाच्या सुमारे 14 टक्के, म्हणजे 20 मिलिग्रॅमच्या आसपास पाणी असते. दाणा तापला की हे पाणी 100 अंशांना उकळून निघून जायला हवे, पण सालीमुळे वाफेला वाट मिळत नाही. कोंडलेल्या वाफेचा दाब वाढतो आणि दाब वाढला की उत्कलनबिंदूही वर सरकतो. घरचा प्रेशर कुकर याच तत्त्वावर चालतो, मात्र शिट्टी होते तेव्हा त्यातला दाब वातावरणाच्या साधारण दुप्पट आणि तापमान 120 अंशांच्या जवळपास असते. मक्याचा दाणा 180 अंशांपर्यंत तग धरतो, आणि त्या तापमानाला आत कोंडलेल्या वाफेचा दाब वातावरणाच्या जवळजवळ दहापट होतो. एमान्युएल विरो आणि अलेक्झांडर पोनोमारेन्को या फ्रान्समधील संशोधकांनी 2015 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात 170 अंशांना 34 टक्के दाणे फुटले, तर 180 अंशांना 96 टक्के.

तोपर्यंत आतल्या पिष्टाचा उष्णता आणि पाणी मिळून मऊ लगदा झालेला असतो. साल फाटताच दाब एकदम उतरतो, 180 अंशांचे पाणी द्रवरूपात राहूच शकत नाही, आणि लगद्यात असंख्य बुडबुडे करत त्याची वाफ होते. बाहेरून उष्णता घ्यायला सवडच नसल्याने ही वाफ स्वतःच्या ऊर्जेवर पसरते, म्हणून पसरता पसरता थंड होते; लगदा फुगलेल्या अवस्थेतच कोरडा होऊन घट्ट बसतो. पॉपकॉर्न म्हणजे हा गोठलेला फेस. फुटण्याचा आवाजदेखील साल तडकण्याचा नसून सुटलेल्या वाफेचा असतो, हे त्याच संशोधकांनी दाखवले.

म्हणजे सारा खेळ त्या 14 टक्क्यांचा. उन्हाळ्यात पिशवी उघडी राहिली की दाणे सुकतात, दाब पुरेसा वाढत नाही आणि गणंग उरतात. पावसाळ्यात, आठवडा-आठवडा सूर्य दिसत नाही तेव्हा, उघडे दाणे ओल धरतात आणि पॉपकॉर्न लहान व चिवट होतो. सुकलेल्या अर्धा किलो दाण्यांवर एक मोठा चमचा पाणी शिंपडून, घट्ट झाकणाच्या बरणीत भरून, दोन-तीन दिवस अधूनमधून हलवत ठेवावे. नागपंचमीच्या लाह्यांसाठी ज्वारीवर पाणी शिंपडून ती फडक्यात बांधून ठेवतात, त्यामागचे कारणही हेच आहे. साल चिरलेली असेल तर मात्र इलाज नाही.

आता यंत्र. हवा भांड्याच्या बाजूच्या तिरप्या फटींतून येणारे घ्यावे. त्यात दाणे गरगर फिरतात आणि सगळीकडून सारखे तापतात. फुटल्यावर दाण्याचे वजन थोडे घटते, आकारमान मात्र तीसएक पट वाढते, म्हणजे वाऱ्यासमोर येणारे क्षेत्रफळ सुमारे दहापट होते. त्यामुळे तोच झोत लाही उडवून बाहेर टाकतो आणि न फुटलेला दाणा आतच ठेवतो. खुणेपेक्षा जास्त दाणे भरले तर ते फिरत नाहीत आणि करपतात. फार कमी घातले तर कच्चेच बाहेर उडतात. ज्वारी या यंत्रात घालू नये, तिचे दाणे हलके असल्याने ते न फुटताच बाहेर पडतात. आत तेल, लोणी, साखर काहीही घालू नये.

1200 वॅटचे यंत्र 230 व्होल्टवर पाच अँपिअरहून थोडी जास्त वीज घेते. म्हणून एकाच प्लगवर मिक्सर आणि हे यंत्र एकत्र चालवू नये. विजेचा दाब 200 व्होल्टवर आला तर हीटरची उष्णता तीन-चतुर्थांश उरते, कारण ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. मग दाणे सावकाश तापतात, वाफ टोकाकडून झिरपून जाते आणि पुन्हा गणंग. नातेवाइकांनी अमेरिकेहून आणलेले 120 व्होल्टचे यंत्र आपल्या प्लगला लावू नये. त्याच नियमाने त्याचा हीटर साडेतीन पटींहून अधिक तापेल.

‘तेल नाही म्हणून वजन वाढत नाही’ हा जाहिरातीचा दावा अर्धाच खरा आहे: तेलाच्या कॅलरी वाचतात, पण 100 ग्रॅम कोऱ्या पॉपकॉर्नमध्येही 380 ते 390 किलोकॅलरी असतातच. चार मोबाईल वाजवून मका फोडल्याची 2008 ची चित्रफीत तर हेडसेट विकण्यासाठी केलेली बनवाबनवी होती. मोबाईलच्या एक-दोन वॅटमध्ये दाणा कोमटसुद्धा होत नाही. ती अजून खरी मानून पुढे पाठवणाऱ्या सुशिक्षितांचे नवल वाटते.

हवेवर फुटलेल्या पॉपकॉर्नला कांदा-लसूण चटणी चिकटत नाही, ती तळाशी जाते. मोठ्या पातेल्यात काढून चमचाभर कोमट तेल वरून फिरवावे आणि मगच चटणी भुरभुरावी. झाकण मात्र लगेच ठेवू नये, उरलेली वाफ परतून पॉपकॉर्न वातड करते.