दिवस जाण्याआधीचं वजन आणि गरोदरपणातली साखर

नाव नोंदवायला आलेल्या गरोदर बाईला डॉक्टर पहिल्याच भेटीत विचारतात, "दिवस जायच्या आधी वजन किती होतं?" बऱ्याच जणींना ते सांगता येत नाही. आपल्याकडे बाईचं वजन एरवी कोण कशाला करतं? पण या प्रश्नामागे दोनशे वर्षांचा इतिहास आहे.

१८२४ साली बर्लिनमध्ये हाइन्रिश बेनेविट्झ यांनी आपल्या प्रबंधात एका गरोदर बाईची हकीकत लिहिली. तिची तहान काही केल्या भागत नव्हती, लघवीतून साखर जात होती. बाळ बारा पौंडांचं झालं, पण हाती लागलं नाही. बाळंतपणानंतर मात्र तिची साखर गेली. हा मधुमेह गरोदरपणाबरोबर येतो आणि जातो, हे त्यांनी तेव्हाच टिपलं होतं. पुढे कारणही उलगडलं. वारेतून येणाऱ्या संप्रेरकांमुळे आईच्या शरीरात इन्सुलिनचा प्रभाव कमी होतो, तो भरून काढायला स्वादुपिंडाला जास्त राबावं लागतं. अंगावर आधीच चरबी जास्त असेल तर हा ताण आणखी वाढतो, कारण चरबीही इन्सुलिनला अडवते.

१९६४ साली बॉस्टनमध्ये ओ'सुलिव्हन आणि महान या दोन संशोधकांनी ग्लुकोज पाजून करायच्या तपासणीचे निकष ठरवले. त्यांचा रोख होता आईला पुढे मधुमेह होईल का, यावर. उंचीच्या मानाने वजन किती, हे सांगणारं माप त्याहून जुनं. ते बेल्जियमच्या क्वेटले यांचं, एकोणिसाव्या शतकातलं; १९७२ मध्ये अँसेल कीज यांनी त्याला बीएमआय हे नाव दिलं. हे माप हाती आल्यावर अभ्यास जमत गेले. २००७ सालच्या एका एकत्रित आढाव्यात नेहमीच्या वजनाच्या बायकांच्या तुलनेत लठ्ठ बायकांना गरोदरपणातल्या मधुमेहाचा धोका साधारण साडेतीन पट, तर अतिलठ्ठ बायकांना आठ पटींहून जास्त दिसला.

मग हा लठ्ठ बायकांचाच आजार, असा समज झाला. तो खोडायचं मोठं काम आपल्या पुण्यात झालं, याचा मला मनापासून अभिमान वाटतो. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि केईएम रुग्णालयातल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांचा गरोदरपणाआधीपासून पाठपुरावा केला. शेतात राबणाऱ्या, काटक बायका. त्यांची बाळं सरासरी २.७ किलोंची, इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा स्नायू कमी, पण कातडीखालची चरबी मात्र बरीचशी टिकून. वरून हडकुळं, आतून चरबीचं.

२००४ मध्ये याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी युडकिन यांचं शेजारी शेजारी उभं राहिलेलं छायाचित्र लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. दोघांचा बीएमआय २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२ टक्के. म्हणजे वरून बारीक दिसणाऱ्या भारतीय शरीरातही इन्सुलिनला अडवणारी चरबी असू शकते.

म्हणूनच भारतीयांसाठी २००९ मध्ये बीएमआयमधली जादा वजनाची रेषा २५ वरून २३ वर आणि लठ्ठपणाची ३० वरून २५ वर आली. चेन्नईच्या डॉ. व्ही. शेषय्यांनी एक साधी तपासणी रुजवली: ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात विरघळवून प्यायचं, उपाशीपोटी यायची गरज नाही, दोन तासांनी रक्त तपासायचं. साखर १४० मिलिग्रॅम (दर डेसिलिटर रक्तात) किंवा त्याहून जास्त आली तर गरोदरपणातला मधुमेह. सरकारी सूचनांनुसार ती पहिल्या भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांत, प्रत्येक गरोदर बाईची करायची असते. त्यात वजनाची अट नाही.