उझुफ्रुतु तो नव्हेच

पोर्तुगीज पासपोर्टवर स्विंडनला स्थायिक झालेल्या गोंयकारांपुढे इंग्लंडमधल्या ‘इक्विटेबल’ म्हणजे न्यायतत्त्वावरच्या मालकीचा विषय निघाला, की कुणीतरी ठामपणे सांगतो, “आपला उझुफ्रुतुच तो!” हे ऐकून ऐकून कान किटले.

उझुफ्रुतु तुम्हाला ठाऊकच आहे. 1867 ची पोर्तुगीज नागरी संहिता घ्या की 1966 ची: आई घर मुलाच्या नावे करते, हयातभर राहायचा नि भाडं खायचा हक्क स्वतःकडे ठेवते. ती गेली की हक्क संपला.

इंग्लंडमध्ये घर एकाच्या नावावर, पण पैसे दुसऱ्याचेही, असं झालं तर कायदा नावाच्या मालकाला विश्वस्त ठरवतो आणि पैसे घालणाऱ्याला हिताधिकारी. इथेही एकाचं नाव आणि दुसऱ्याचा वापर, म्हणून लोक विश्वस्ताला आपल्या ‘नुआ प्रोप्रिएदाद’वाल्या, म्हणजे उपभोगाविना नुसती मालकी असलेल्या, मुलाच्या जागी बसवतात. सगळा घोळ इथेच. मुलगा नुसता वाट बघत असतो, शेवटी घर त्याचंच. विश्वस्ताला मात्र त्या हिश्श्यातलं शेवटीही काही मिळायचं नसतं. तेवढी किंमत हिताधिकाऱ्याची: घर विकलं तर पैसे त्याला, तो वारला तर त्याच्या वारसांना. उझुफ्रुतु कधी वारसांकडे गेल्याचं ऐकलंय?

शिवाय उझुफ्रुतु नोंदणीत दिसतो. इंग्लंडच्या जमीन नोंदणीत हिताधिकाऱ्याचं नाव येतच नाही, फार तर विक्रीवर निर्बंधाची एक ओळ. बोलँड खटल्यात घर नवऱ्याच्या एकट्याच्या नावे, त्यानेच ते बँकेकडे गहाण टाकलेलं. पण बायकोचे पैसे घरात होते आणि ती तिथे राहत होती, म्हणून 1980 साली हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायपीठाने, तिचा हक्क बँकेवरही बंधनकारक ठरवला. उलट, खरेदीदाराने दोन विश्वस्तांना पैसे चुकते केले तर हक्क घरावरून उठून पैशांवर जातो. उझुफ्रुतु असा हलत नाही.

“लग्न झालंय, अर्धं माझंच” हे गोव्यात ठीक. इंग्लंडमध्ये नुसत्या लग्नाने हिस्सा मिळत नाही. पैसे घातल्याचं किंवा दोघांचा तसा इरादा असल्याचं दाखवावं लागतं. घटस्फोटातली वाटणी वेगळी.

आणि हे मुंबईच्या वकिलाला विचारू नका. तिथे मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 54 नुसार नुसत्या विक्री कराराने मालमत्तेत हक्क निर्माण होत नाही. इंग्लंडमध्ये कराराबरोबरच खरेदीदाराचा इक्विटेबल हक्क सुरू होतो.