पावतीचा धाक किती दिवस टिकतो?

“दंड दहापट करा, मग बघा सगळे कसे सुतासारखे सरळ येतात!” मोठा अपघात झाला की हे वाक्य चहाच्या टपरीपासून विधानसभेपर्यंत सगळीकडे ऐकू येतं. हा प्रयोग आपल्याकडे होऊन गेला आहे. १ सप्टेंबर २०१९ पासून मोटार वाहन कायद्यातल्या दंडाच्या रकमा वाढल्या. हेल्मेट नसेल तर १०० चे १,००० रुपये आणि वर तीन महिने लायसन्स बाद, सीटबेल्ट नसेल तर १०० चे १,०००, दारू पिऊन गाडी चालवली तर २,००० चे १०,०००. गुजरातने त्याच महिन्यात हेल्मेटचा दंड निम्म्यावर आणला. कायद्याचं कलम २०० तडजोड शुल्क, म्हणजे कोर्टात न जाता भरून प्रकरण मिटवण्याची रक्कम, ठरवण्याचा अधिकार राज्यांना देतं, त्यामुळे हे शक्य झालं. महाराष्ट्राने अंमलबजावणी थांबवून ठेवली आणि डिसेंबर २०२१ मध्ये आपल्या सुधारित रकमा लागू केल्या.

केंद्राच्या वार्षिक अहवालात २०१९ चे रस्ते अपघातातले मृत्यू होते १,५१,११३. २०२२ च्या अहवालात ते १,६८,४९१ झाले. एवढ्यावरून दंड निरुपयोगी आहे असं म्हणता येणार नाही. मधल्या काळात वाहनं वाढली, रस्ते वाढले, आणि करोनाने दोन वर्षांची आकडेवारी पार विसकटून टाकली. पण ‘सुतासारखे सरळ’ आल्याची खूण या आकड्यांत शोधूनही सापडत नाही, एवढं नक्की.

चेझारे बेकारिया या इटालियन विचारवंताने १७६४ मध्येच लिहून ठेवलं होतं की शिक्षेचा धाक तीन गोष्टींवर ठरतो: ती किती खात्रीने होते, किती लवकर होते आणि किती कडक असते. यातली खात्री सर्वांत महत्त्वाची, कडकपणा सर्वांत कमी. हे ऐकून माना सगळेच डोलावतात. पण कडकपणा एकटाच वाढवला तर तो वाया का जातो, याचं कारण गणितातून फार सुंदर उलगडतं. कागद-पेन जवळ असेल तर घ्या.

समजा संध्याकाळची वेळ आहे. एका चौकात तासाला १,००० वाहनं लाल दिव्यापाशी येतात. सिग्नल तोडला तर दोन मिनिटं वाचतात आणि चालकाच्या लेखी त्यांची किंमत २० रुपये आहे. दंड ५०० रुपये. मग पकडले जाण्याची शक्यता किती असली तर सिग्नल तोडणं परवडेल? ५०० चे ४ टक्के म्हणजे २०. शक्यता ४ टक्क्यांच्या खाली असेल तर तोडणं फायद्याचं, वर असेल तर तोट्याचं.

इथेच थांबलो तर उत्तर सोपं आहे. दंड ५,००० करा, म्हणजे ०.४ टक्के शक्यतासुद्धा पुरेल. चहाच्या टपरीवरचा हिशेब इथेच थांबतो. पण चौकात दुसराही एक खेळाडू आहे: वाहतूक पोलीस, म्हणजे पुण्यातले ‘मामा’. त्यांचाही हिशेब असतो. या चौकात एक तास उभं राहायचं म्हणजे दुसऱ्या चौकातली कोंडी, मंत्र्यांचा बंदोबस्त किंवा शाळेसमोरची गर्दी सोडून यायचं. या एका तासाची किंमत आपण ५०० गुण धरू आणि पकडलेल्या प्रत्येक चुकाराचे विभागाला १० गुण देऊ. म्हणजे तासाला ५० जण सापडणार असतील, हजारात ५० म्हणजे ५ टक्के, तरच इथे उभं राहणं पोलिसांना परवडतं.

आता दोघांना एकमेकांसमोर उभं करा. मामा नसले की सिग्नल तोडणारे वाढतात. ते ५ टक्क्यांच्या वर गेले की मामा येतात. मामा वरचेवर दिसू लागले की तोडणारे कमी होतात. ५ टक्क्यांच्या खाली गेले की मामांना दुसरीकडे पाठवलं जातं. ही ओढाताण जिथे स्थिरावते तिथे तोडणाऱ्यांचं प्रमाण ५ टक्के असतं आणि मामा ४ टक्के वेळ, म्हणजे २५ तासांतून एक तास, चौकात दिसतात. द्यूतसिद्धांतात (गेम थिअरीत) याला मिश्र डावांचा समतोल म्हणतात.

आता दंड दहापट करून ५,००० रुपये करा. सुरुवातीचे काही आठवडे तोडणारे खरोखर कमी होतात, बातम्या येतात, ‘दंडवाढीचा परिणाम’ असे मथळे झळकतात. मग इथे कुणी सापडेनासं होतं, मामांची नेमणूक दुसरीकडे होते, आणि ही गोष्ट चालकांच्या लक्षात येते. समतोल पुन्हा जमतो. तोडणारे किती? तेच ५ टक्के. बदलला तो फक्त मामांचा वेळ: आता ते २५० तासांतून एकदाच दिसतात. चालकाचं वागणं पोलिसांच्या हिशेबावरून ठरलं आणि पोलिसांचं वागणं चालकाच्या हिशेबावरून. दंडाची रक्कम चालकाच्या हिशेबातली, म्हणून तिचा परिणाम पोलिसांच्या हजेरीवर झाला! राज्यशास्त्रज्ञ जॉर्ज त्सेबेलिस यांनी १९८९-९० च्या सुमारास हा युक्तिवाद मांडला, तेव्हा बरंच वादळ उठलं होतं.

आक्षेप रास्त आहेत. पोलीस कुठे आहेत याचा अचूक अंदाज कुठल्याच चालकाला नसतो आणि पोलीसही गुणांची वही घेऊन बसत नाहीत. पण ढोबळ कल तसाच दिसतो. रुने एल्विक आणि सहकाऱ्यांनी नॉर्वेतल्या दंडवाढीचा अभ्यास केला तेव्हा वेग मोडण्याच्या एकूण प्रमाणावर तिचा म्हणण्यासारखा परिणाम त्यांना आढळला नव्हता.

शिवाय आपल्याकडे आणखी एक भानगड आहे. रक्कम मोठी झाली की घासाघीस करायला जागा वाढते. ५०० च्या पावतीला पर्याय म्हणून द्यावी लागणारी चिरीमिरी आणि ५,००० च्या पावतीची चिरीमिरी यांत फरक पडतो, पण तो दहापट नसतो. वसुलीचंही तसंच. चलन निघालं म्हणजे दंड भरला गेला असं नाही. समजा चारांपैकी एकच जण भरत असेल, तर ५०० चा दंड चालकाच्या मनात १२५ रुपयांचा होतो आणि वरच्या हिशेबातली ४ टक्क्यांची मर्यादा १६ टक्क्यांवर जाते. लोकअदालतीत सवलत मिळणार याची खात्री असली की शिस्तीने भरणाराही पुढच्या तारखेची वाट बघत बसतो.

मग पावतीचा परिणाम होतच नाही का? होतो, आणि तो मोजलाही गेला आहे. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात डोनाल्ड रेडेलमायर आणि सहकाऱ्यांनी ११ वर्षांतले असे ८,९७५ चालक घेतले ज्यांच्या हातून प्राणघातक अपघात झाला होता. वाहतुकीचे नियम मोडून दोषी ठरल्याच्या त्यांच्या नोंदी तपासल्या. खुबी तुलनेत होती. एका माणसाची तुलना दुसऱ्याशी केली नाही, तर त्याच माणसाचा अपघाताआधीचा महिना त्याच्याच दुसऱ्या, तशाच महिन्याशी ताडून पाहिला. त्यामुळे वय, स्वभाव, गाडी, दारूची सवय हे सगळे घटक आपोआप कटले, कारण ते दोन्ही बाजूंना सारखेच होते. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा: दोषी ठरल्यानंतरच्या महिन्यात प्राणघातक अपघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी कमी होतो. दोन महिन्यांत हा फायदा बराच ओसरतो आणि तीन-चार महिन्यांनी मोजण्याजोगा उरत नाही. ज्या वेगभंगात लायसन्सवर पेनल्टी पॉइंट, म्हणजे गुन्ह्यागणिक साठत जाणारे वजा गुण, पडले तिथे परिणाम पॉइंट नसलेल्या वेगभंगापेक्षा जास्त होता.

थोडक्यात, पावती हे औषध आहे आणि त्याची मात्रा महिनाभर चालते. वर्षातून एकदा मोठा डोस देण्यापेक्षा दर महिन्याला छोटा डोस बरा.

पॉइंटची पद्धत बऱ्याच देशांत आहे. ब्रिटनमध्ये तीन वर्षांत १२ पॉइंट साठले की साधारणपणे किमान सहा महिने गाडी बंद, आणि नवशिक्या चालकाचं लायसन्स पहिल्या दोन वर्षांत ६ पॉइंटवरच रद्द होतं. इटलीत जुलै २००३ पासून उलटी मोजणी आहे, २० पॉइंट हातात देऊन एकेक कापायचे. पॉइंटचा एक मोठा गुण म्हणजे मर्सिडीजवाल्याला आणि अल्टोवाल्याला ते सारखेच महाग पडतात. (फिनलंडने तोच प्रश्न वेगळ्या वाटेने सोडवला: तिथे १९२१ पासून दंड उत्पन्नाच्या प्रमाणात लावला जातो.) पण इथेही ओहोटी लागते. वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांची एकत्र छाननी २०१२ मध्ये दोन स्पॅनिश संशोधकांनी केली. पॉइंट सुरू झाल्यावर अपघात, मृत्यू आणि जखमी १५ ते २० टक्क्यांनी घटतात आणि ही घट दीड वर्षाच्या आत विरून जाते, असं त्यांना आढळलं. सुरुवातीच्या गाजावाजामुळे लोकांना पकडले जाण्याची शक्यता खूप मोठी वाटते, पुढे अनुभवाने ती किती छोटी आहे हे कळतं.

म्हणून पुन्हा चौकातल्या हिशेबाकडे जाऊ. चुकार कमी करायचे असतील तर पोलिसांच्या एका तासाची किंमत खाली आणायला हवी, आणि कॅमेरा नेमकं तेच करतो. तो बंदोबस्ताला जात नाही, घासाघीस करत नाही. तासाची किंमत ५०० गुणांवरून २० वर आली की हजारात ५० ऐवजी २ चुकारांवर समतोल बसतो. वेगाच्या बाबतीत याचं मोल जास्त आहे. स्वीडनच्या योरान निल्सन यांच्या ढोबळ सूत्रानुसार प्राणघातक अपघात सरासरी वेगाच्या चौथ्या घाताने बदलतात. वेग ५ टक्के घटला तर ०.९५ चा चौथा घात ०.८१, म्हणजे असे अपघात सुमारे १९ टक्क्यांनी कमी.

साधा कॅमेरा मात्र एकाच जागचा वेग मोजतो. चालक तिथे ब्रेक मारतात आणि पुढे गेल्यावर भरपाई करतात. मोबाइलवरचा नकाशा तर आधीच सावध करतो. यावर उपाय सरासरी वेगाचा. रस्त्यावर कॅमेरे बसवलेल्या दोन कमानींमध्ये १० किलोमीटर अंतर आहे आणि मर्यादा ताशी ८० ची आहे असं धरा. हे अंतर कापायला किमान ४५० सेकंद लागायला हवेत. पहिल्या कमानीने नंबरप्लेट वाचून वेळ नोंदवली आणि दुसऱ्या कमानीखाली तीच प्लेट ३६० सेकंदांत आली, तर सरासरी १०० झाली. कमानीखाली ब्रेक मारून काही उपयोग नाही. दोन घड्याळांत एका सेकंदाचा फरक पडला तरी चूक ०.३ टक्क्यांच्या आतच राहते. उणीव एवढीच की मध्ये चहाला थांबलेला सुसाट वीर सुटतो.

बिघडतं ते प्लेटपाशी. ४१४१ चे आकडे वळवून ‘दादा’ लिहिलेली प्लेट माणसाला कौतुकाने वाचता येते, यंत्राला नाही. उच्च सुरक्षा नंबरप्लेट सक्तीची करण्यामागे हेही एक कारण आहे.

कॅमेऱ्याच्या यशाचे आकडे वाचताना मात्र एक सावधगिरी हवी. कॅमेरा बहुधा अशा जागी बसवतात जिथे नुकतेच खूप अपघात झालेले असतात. अपघात हा बराचसा योगायोगाचा खेळ असल्याने वाईट वर्षानंतरचं वर्ष बहुतेकदा आपोआपच जरा बरं जातं. याला सरासरीकडे परतणं म्हणतात. जुलै २०२३ च्या भीषण बस अपघाताच्या सुमारास समृद्धी महामार्गावर महामृत्युंजय यंत्राचा विधी झाला होता. अशा विधीनंतर अपघात कमी झाले तर श्रेय यंत्राला जातं, आणि कॅमेरा लावला तर त्याच घटीचं श्रेय कॅमेऱ्याला. म्हणून तुलना करताना कॅमेरा न लावलेले, पण तितकेच धोक्याचे पट्टे शेजारी ठेवावे लागतात. कॅमेरे या परीक्षेत एरवी उत्तीर्ण होतात, फक्त गुण जाहिरातीपेक्षा कमी पडतात. लिंबू-मिरचीची अशी परीक्षा घ्यायला कुणी पुढे येत नाही.

आता लायसन्सकडे. लायसन्सवरची कारवाई आपल्याकडे कागदावर चांगली कडक आहे. कलम १९ खाली परवाना अधिकारी लायसन्स निलंबित करू शकतात. सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीने २०१५ मध्येच सिग्नल तोडणं, अतिवेग, गाडी चालवताना मोबाइल, मद्यपान अशा गुन्ह्यांसाठी किमान तीन महिन्यांचं निलंबन सांगितलं होतं. अडचण जोडणीत आहे. कॅमेरा प्लेट वाचतो, प्लेट ‘वाहन’ या नोंदणीत सापडते आणि चलन मालकाला जातं. लायसन्स असतं ‘सारथी’ या दुसऱ्या नोंदणीत. गाडी कोण चालवत होतं हे प्लेट सांगत नाही. ब्रिटनमध्ये मालकाला नोटीस येते आणि २८ दिवसांत चालकाचं नाव कळवावं लागतं, नाहीतर ६ पॉइंट त्याच्याच लायसन्सवर. आपल्या कायद्यातही कलम १३३ मालकावर चालकाची माहिती देण्याचं बंधन घालतं, पण ई-चलनाच्या रोजच्या कामात ते सहसा दिसत नाही. त्यामुळे मुलाने सिग्नल तोडला की एसएमएस वडिलांना येतो, पैसे वडील भरतात आणि मुलाचं लायसन्स कोरं राहतं. ओंटारिओतली ३५ टक्क्यांची घट दोषी ठरलेल्या चालकाच्या स्वतःच्या वागण्यातली होती.

वेळेचाही प्रश्न आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ मध्ये आलेल्या नियम १६७-अ ने कॅमेऱ्याने टिपलेल्या गुन्ह्याची सूचना १५ दिवसांत पाठवण्याचं बंधन घातलं. नोंदणीत जुना मोबाइल नंबर असेल तर ती पोचतच नाही आणि सात-आठ चलनं एकदम नाकाबंदीत कळतात. तोवर कुठला सिग्नल, कुठला दिवस, काही आठवत नाही. म्हणून ‘परिवहन’ संकेतस्थळावर नंबर अद्ययावत करून घ्या. गाडी विकली असेल तर फॉर्म २९ आणि ३० भरून आरसीवर नवं नाव चढल्याची खात्री करा, नाहीतर नव्या मालकाची चलनं तुमच्याच नावावर साठत जातील.