वाइनची शैली : हवामान, माती आणि प्रक्रिया (बेळगाव सीमाभाग)

चव, रंग, मद्यांश आणि टिकाऊपणा मिळून वाइनची शैली ठरते. बेळगाव जिल्ह्याच्या ईशान्येकडील अथणी-कागवाड पट्ट्यात द्राक्षात साखर सहज भरते. आंबटपणा टिकवणे मात्र अवघड जाते. छाटणीच्या तारखेपासून टाकीच्या तापमानापर्यंत इथले बहुतेक निर्णय त्यासाठीच घ्यावे लागतात.

खानापूरकडे घाटाचा धो धो पाऊस आणि जांभी जमीन असल्याने द्राक्षवेलीला बुरशी सोडत नाही. अथणीचा भाग पर्जन्यछायेत येतो, म्हणून बागा तिकडे. त्यांतही बहुतेक माल थॉमसन सीडलेस जातीचा, खाण्यासाठी आणि बेदाण्यासाठी. या जातीची वाइन सपक होते. वाइनसाठी शेनिन ब्लां, सोव्हिन्यों ब्लां, शिराझ, कॅबरने सोव्हिन्यों या जाती लावतात.

कडक थंडी नसल्याने वेल आपणहून विश्रांती घेत नाही. वर्षातून दोनदा छाटावी लागते. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर (जुन्या काड्या कापून नवी फूट काढण्याची छाटणी) साधारण ४० ते ७० दिवसांत काडीच्या डोळ्यात सूक्ष्म घडनिर्मिती होते. या काळात ढगाळ हवा राहिली की पुढे घड कमी सुटतात. फळछाटणी ऑक्टोबरमध्ये करतात. ती सप्टेंबरात उरकली तर कोवळी फूट परतीच्या पावसात सापडून केवडा हा बुरशीचा रोग पडतो. नोव्हेंबरवर ढकलली तर घड मार्चअखेरच्या उन्हात पिकतात, मण्यातले मॅलिक आम्ल श्वसनात जळून जाते आणि रस पिळपिळीत लागतो. जानेवारी-फेब्रुवारीच्या गार रात्री हीच या भागाची खरी मिळकत आहे.

खोल काळ्या रानात पाणी धरून राहते. वेल माजते, घडांवर सावली पडते, मणी फुगतात, रंग पातळ येतो आणि चवीत कच्चा हिरवटपणा उतरतो. चुनखड असेल तर लोह मिळत नाही, कोवळी पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. मुरमाड माळावर निचरा चांगला, मणी बारीक, म्हणजे रसाच्या मानाने साल जास्त. लाल वाइनला हेच रान हवे. काळ्या रानात बाग असेल तर मण्यात पाणी उतरू लागले (मणी मऊ पडून पिकू लागले) की ठिबक कमी करावे आणि घड विरळावेत. खाण्याच्या द्राक्षासारखे भरघोस उत्पन्न काढून चांगली लाल वाइन होत नाही.

तोडणीचा अंदाज एका मण्यावरून घेऊ नये. ओळीच्या दोन्ही बाजूंनी, घडाच्या वरच्या, मधल्या आणि टोकाच्या भागातून किमान १०० मणी घेऊन एकत्र रस काढावा. पांढऱ्यासाठी २१ ते २२, लालसाठी २३ ते २४ ब्रिक्स (रसातल्या साखरेचे माप) पुरते. ब्रिक्सला ०.५५ ने गुणले की मद्यांशाचा अंदाज येतो. बी तपकिरी होऊन दाताखाली कुरकुरीत लागली पाहिजे. हिरवी बी लाल वाइनला कडवट तुरटपणा देते. तोडणी पहाटे करून ऊन चढायच्या आत माल आत घ्यावा.

पांढरा रस १४ ते १८ अंश सेल्सिअसला आंबवतात, म्हणजे थंड पाणी फिरवणारी टाकी हवीच. लाल २४ ते २८ अंशांना आंबते. वर आलेली सालींची थर दिवसातून दोन-तीनदा खाली दाबतात, नाहीतर ती सुकून आंबूस वास धरते. तापमान ३५ अंशांवर गेले तर यीस्ट दम तोडते आणि साखर तशीच राहते. कुजक्या अंड्यांचा वास बहुधा रसात नत्र कमी असल्याचे सांगतो.

आम्ल कमी भरले तर आंबवण्याआधीच टार्टारिक आम्ल घालावे. लिटरला १ ग्रॅमने पीएच (आंबटपणाचे माप, आकडा कमी तेवढा रस आंबट) सुमारे ०.१ ने उतरतो. हे टाळणे महागात पडते. जंतूंपासून तेवढेच संरक्षण मिळवायला पीएच ३.२ असताना लिटरला सुमारे २० मिलिग्रॅम मुक्त सल्फर डायऑक्साइड पुरतो, तर ३.८ असताना ८० च्या आसपास लागतो. म्हणूनच या भागाला ताजी पांढरी, थोड्या लवकर तोडलेल्या द्राक्षांची रोझे (गुलाबी वाइन) आणि दोन-तीन वर्षांत प्यायची फळाळ लाल वाइन अधिक मानवते. मुरवायची लाल करायची, तर माळावरचा, कमी घडांचा आणि ३.६ पीएचच्या आतला मालच निवडावा.