जेटवरचा आकडा नेमकं काय सांगतो?

कार्बोरेटर म्हणजे इंजिनला जाणाऱ्या हवेत पेट्रोल मिसळणारा भाग. त्याचं खालचं बाऊल, म्हणजे पेट्रोल साठवणारी वाटी, उघडली की मधोमध पितळेचा एक छोटा जेट दिसतो. तो काढून उजेडासमोर धरा. आरपार बारीक छिद्र दिसेल, बहुतेक बाइक्समध्ये साधारण एक मिलिमीटरचं. हा मेन जेट. थ्रॉटल पूर्ण पिळल्यावर इंजिनला किती पेट्रोल मिळणार, हे तेवढंसं छिद्र ठरवतं.

त्यावर कोरलेला आकडा सगळीकडे एकाच अर्थाचा नसतो. केहिन आणि मिकुनी या कार्बोरेटर बनवणाऱ्या दोन कंपन्या. केहिनच्या जेटवर १०० म्हणजे १.०० मिलिमीटर व्यास. मिकुनीच्या षट्कोनी जेटवरचा आकडा मात्र त्यातून किती इंधन वाहतं त्यावरून दिलेला असतो. त्यामुळे एका कंपनीचा १०० काढून दुसरीचा १०० बसवला म्हणजे हिशेब जुळला असं नाही. आणि व्यासाचा आकडा फसवाही असतो. १०० वरून ११० वर गेलो तर वाढ १० टक्क्यांची वाटते, पण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं. छिद्र प्रत्यक्षात २१ टक्के मोठं होतं.

पेट्रोल वर चढतं ते दाबाच्या फरकामुळे. कार्बोरेटरच्या अरुंद घशातून हवा वेगाने जाते, तिथला दाब उतरतो आणि बाऊलमधल्या पेट्रोलवरचा बाहेरचा दाब त्याला जेटमधून वर ढकलतो. एक ग्रॅम पेट्रोल पुरतं जळायला साधारण १४.७ ग्रॅम हवा लागते. पूर्ण ताकद हवी असेल तर मिश्रण थोडं रिच, म्हणजे पेट्रोल जास्त असलेलं ठेवतात: एका ग्रॅमला १२.५ ते १३ ग्रॅम हवेच्या आसपास.

गाडी अडखळते म्हणून सरळ मेन जेट बदलायचा, ही सर्रास होणारी चूक. मेन जेटचं राज्य जवळपास पाऊण थ्रॉटलनंतर सुरू होतं. आयडलिंगला आणि सुरुवातीच्या पिळाला पायलट जेट नावाचा दुसरा, आणखी बारीक जेट काम करतो, मधल्या टप्प्यात निडल, म्हणजे थ्रॉटलबरोबर वर-खाली होणारी सुई. कारण सोपं आहे: पेट्रोलच्या वाटेत दोन अडथळे असतील तर जो जास्त अरुंद, तोच प्रवाह ठरवतो. निमुळती निडल खाली असते तेव्हा तिच्या भोवतीची फट मेन जेटच्या छिद्रापेक्षाही लहान असते. निडल पुरेशी वर उचलली गेली की मगच मेन जेटची पाळी येते. म्हणून आधी थ्रॉटलच्या ग्रिपवर कागदी टेपने पाव, अर्धा, पाऊण अशा खुणा करा आणि गाडी नेमकी कुठल्या खुणेवर अडखळते ते बघा. माझ्या मते जेटचा डबा उघडण्याआधीचं सगळ्यात मोलाचं काम हेच.

उंच डोंगरात तीच गाडी काळा धूर का सोडते, याचंही उत्तर इथेच आहे. समुद्रसपाटीपासून ३००० मीटरवर हवेची घनता सुमारे ७४ टक्के उरते. हवा त्याच प्रमाणात घटते, पेट्रोल मात्र घनतेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटतं, म्हणजे ८६ टक्क्यांवरच थांबतं. मिश्रण जवळजवळ १६ टक्के रिच होतं. ते सावरायला ११० च्या जागी १०२ च्या आसपासचा जेट लागेल. खाली उतरल्यावर तो पुन्हा बदलायलाच हवा, कारण लीन, म्हणजे पेट्रोल कमी पडलेलं मिश्रण जास्त धोक्याचं. रिच असेल तर प्लगवर काजळी धरते, पेट्रोल वाया जातं. लीन मिश्रणावर फुल थ्रॉटलला गाडी ताणली तर इंजिन भयंकर तापतं, नॉकिंग होतं, म्हणजे मिश्रण अवेळी भडकून आतून ठकठक आवाज येतो, आणि पिस्टनला भोकही पडू शकतं. मोकळा सायलेंसर किंवा उघडा एअर फिल्टर बसवणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं. हवेचा प्रवाह बदलतो आणि मिश्रण बहुधा लीनकडेच झुकतं.

आणि जेट तुंबला तर त्यात तार घालू नका. पितळ मऊ असतं. पायलट जेटचं छिद्र ०.४० मिलिमीटरचं धरा. तारेने घासून ते ०.४२ झालं, तर डोळ्यांना काहीच दिसणार नाही, पण क्षेत्रफळ १० टक्के वाढलेलं असेल. वर कोरलेला आकडा ४०, आत छिद्र ४२ चं. कार्बोरेटर क्लीनर आणि हवेचा झोत, एवढंच पुरतं. तरीही मोकळा झाला नाही तर जेट नवा घ्यावा.