थर्मोस्टॅट काढून गाडी थंड राहत नाही

जुनी गाडी घाटात तापली की ‘थर्मोस्टॅट काढून टाका, आपल्या हवेत तो लागतच नाही’ असा सल्ला हमखास मिळतो. तो चुकीचा आहे. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापल्यावर कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) रेडिएटरकडे सोडणारी झडप. अनेक गाड्यांत थर्मोस्टॅट ८२ ते ८८ अंशांच्या आसपास उघडायला लागतो. तो काढला की इंजिन तापायला वेळ लागतो, पेट्रोल जास्त जातं, झीज वाढते. अडकला असेल तर नवा बसवा.

आणि कूलंट कमी होत असेल, तर थर्मोस्टॅट काढून गळती थांबणार कशी? आधी रेडिएटरचं झाकण पाहा. दाबामुळे कूलंट १०० अंशांनंतरही उकळत नाही. झाकणाचं रबर गेलं की दाबही जातो. मग होज (कूलंटचे रबरी पाइप), वॉटर पंपाखालचे थेंब पाहा. बाहेर काहीच दिसत नाही, पण ऑइल दुधाळ झालंय? हेड गॅस्केटचा, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांमधल्या सीलचा, संशय घ्या. इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण मात्र कधीही उघडू नका.